जुन्या कोकणात जायचंय? कोण म्हणून?

काळात मागे जाता आलं तर कुठे जाल, हा प्रश्न आमच्याकडे गप्पांत कधीही निघतो. लाइट गेलेली असली की हमखास. पहिलं उत्तर ठरलेलं असतं: महाराजांच्या काळात. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला जात होता, तिथे एका कोपऱ्यात उभं राहून बघायचं. हे चारचौघांत द्यायचं उत्तर. चहा झाला, माणसं दोन-तीनच उरली की दुसरं उत्तर येतं आणि ते अगदी छोटं असतं. आजी पडवीत फणसाचे गरे काढत बसलीय तिथे. बाबा मुंबईहून यायचे त्या मे महिन्यातल्या सकाळी. आई हिंडतीफिरती होती तेव्हा.

मला हे दुसरं उत्तर जास्त मोलाचं वाटतं. काळप्रवासाची कल्पना पोरकट आहे, रिकाम्या डोक्याचा उद्योग आहे, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. माणूस गेल्यावर त्याला विचारायचे प्रश्न सुचायला लागतात, हा सगळ्यांचाच अनुभव. तो हयात असतो तेव्हा आपण लहान असतो, घाईत असतो, नाहीतर त्याच्यावर रागावलेले असतो. मग ते प्रश्न घेऊन जायला दुसरी जागाच राहत नाही, म्हणून मन मागे धावतं.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. आजोबा मुंबईत गिरणीत. महिन्याची मनीऑर्डर यायची आणि त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी मावतील एवढी जागा असायची. 'पैसे पाठवले आहेत. खावटीचं भात जपून वापर. मुलास शाळेत घालणे. मी खुशाल आहे.' पोस्टमन पडवीत टेकायचा, तो तुकडा मोठ्याने वाचायचा, आजी अंगठा उठवायची, नोटा मोजून कनवटीला लावायची. नवऱ्याने तिला लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिने परक्या माणसाच्या आवाजात ऐकलं, तेही शेजारपाजारच्या बाया ऐकत असताना. आणि तिने उलट काय कळवलं, ते कुणीच कधी लिहून घेतलं नाही. मनीऑर्डर एकाच दिशेने जाते. मला मागे जाता आलं तर मी त्या पडवीत जाईन. तो तुकडा मी वाचून दाखवीन, आणि पोस्टमन गेल्यावर तिला विचारीन, आजी, तुला काय कळवायचं होतं?

विज्ञानाचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आइन्स्टाइनच्या १९०५ आणि १९१५ च्या सिद्धांतांनुसार घड्याळं सगळीकडे सारख्या गतीने चालत नाहीत. ही गोष्ट फक्त प्रयोगशाळेत राहिलेली नाही, हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या तांडेलाच्या रोजच्या कामात ती आहे. त्याच्या होडीवरच्या जीपीएसला जागा दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. हा फरक हिशेबात धरला नाही तर दिवसभरात दहाएक किलोमीटरची चूक साठेल आणि काल जाळं सोडलेली जागा आज सापडणार नाही. प्रचंड वेगाने फिरून आलं तर इतरांच्या पुढच्या काळात पोचता येतं, याला निसर्गाची हरकत नाही. मागे जायची वाट मात्र कुणालाही सापडलेली नाही.

आपल्या पुराणांतही हेच आहे. भागवतात ककुद्मी राजा आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी स्थळ विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकात जातो. तिथे गाणं चाललेलं असतं, म्हणून क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव त्याला सांगतो, तुझ्या मनात जी स्थळं होती ती तर गेलीच, त्यांच्या नातवंडांची, पणतवंडांची नावंही आता कुठे ऐकू येत नाहीत. सत्तावीस चतुर्युगं उलटली. रेवतीचं लग्न बलरामाशी लागतं आणि राजा तपाला निघून जातो. परत फिरून आपल्या माणसांना भेटावं, अशी सोय पुराणकारानेही त्याला दिलेली नाही. श्राद्धातसुद्धा वडील, आजोबा, पणजोबा अशा तीनच पिढ्यांची नावं घेऊन पिंड दिले जातात. त्यापलीकडचे पूर्वज नावाने ओळखायचं आपण सोडून देतो.

इथवर हा ज्याचा त्याचा खासगी मामला झाला. कोकणात तो खासगी राहत नाही, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत होती, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरी जिल्हा सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. त्याच २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. पुरुष मुंबईला, ठाण्याला, पुण्याला गेलेले, म्हणून हा आकडा. गेलेल्या माणसाला गाव म्हणजे भूतकाळ असतो. त्यात त्याची चूक नाही. गणपतीत कोकणकन्या पहाटे रत्नागिरीच्या पुढे सरकली की डब्यातल्या माणसांची वयं कमी व्हायला लागतात, आवाज चढतात, बोलणं मालवणीवर येतं. गाडीतून उतरल्यावर त्याला लहानपणीचंच गाव हवं असतं. राहणाऱ्याला मात्र गाव म्हणजे आजचा मंगळवार असतो. एसटी आली का, वानर कलमांवर उतरलेत का, टॉवरला रेंज आहे का.

ही दोन माणसं एकाच ओटीवर बसतात, पण एका काळात बसत नाहीत. आणि गावाचे कितीतरी निर्णय दोघांतल्या त्या परतून आलेल्याच्या मनाप्रमाणे होतात.

त्याच्या मनातलं जुनं कोकण कसं असतं? लाल माती, चिऱ्यांचं घर, वर कौलं, ओटीवर झोपाळा, मागे सुपारीचं आगर. घरगुती निवासांच्या जाहिरातींतही हेच चित्र असतं. झोपाळ्यावर कोण बसलंय हे त्यात दिसत नाही. बहुतेक गावांत तो झोपाळा खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा होता. कुळाने अंगणात खाली उभं राहायचं, आणि काही जणांनी अंगणातही पाय ठेवायचा नाही. मागच्या काळात उतरताना आपली जात, आपलं बाई किंवा पुरुष असणं, आपल्या घरची जमीन किंवा बिनजमीन, हे सगळं बरोबर न्यावं लागेल. १९ मार्च १९२७ ला महाडला उतरलात आणि तहान लागली तर चवदार तळ्याचं पाणी मिळेल की नाही हे तुमच्या जातीवर ठरेल. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यापायी लोकांनी मार खाल्ला, आणि त्यानंतर तळं शुद्ध करून घेण्यात आलं. गाईगुरं जिथे पाणी प्यायची, त्याच तळ्याची ही गोष्ट.

१९३३ च्या पुढे अलिबागजवळ चरीला उतरलात तर खाचरं पडीक दिसतील. खोत आणि सावकार यांच्या जाचाला कंटाळलेल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून जमीन कसायचंच बंद केलं. हा संप १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं पेरणी न करता घर कसं चालवलं असेल, याचा विचार केला की पोटात कालवतं. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जुन्या कोकणाबद्दल बोलायला लागले की डोळे भरून येतात त्यांचे, आणि मला ते अश्रू खरे वाटतात. तरीही त्यांच्या शेजारच्या वाडीतल्या माणसाला त्या काळात परत जायचंय का, हे त्यांनी एकदा तरी विचारावं, असं मला कळकळीने वाटतं.

बोटीच्या प्रवासाचंही तसंच. ज्या बंदरांना धक्का नव्हता तिथे बोट खोल पाण्यात थांबायची आणि लहान मचव्यातून, ट्रंका आणि पोरं सांभाळत, किनारा गाठायचा. सांगणारे हे फार रंगवून सांगतात. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली ती काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आषाढातली अमावस्या होती, सणाला घरी निघालेली माणसं होती ती. त्यांच्याही घरी कुणीतरी पडवीत वाट बघत बसलं असेल.

माझी आजी त्या काळात परत जायला तयार झाली असती का? मला नाही वाटत. ती दोन कळशा घेऊन बावीवर जायची, वर येताना घाटी चढायची, पाऊस असो की ऊन. दारात नळ आला त्या दिवशी ती तोटीपासून हललीच नव्हती. बंद करायची, पुन्हा उघडायची.

म्हणून काय मागे जाऊच नये? जावं. पण अर्धवट जाऊ नये. अर्धवट गेलं की गोष्टी कशा बदलतात, त्याचं उदाहरण विजयदुर्गावर आहे. किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला. त्या तारखेला तिथे हेलियम दिनही होतो. प्रत्यक्षात त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. भारतात ते ग्रहण जानसेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिलं आणि लॉकियरने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. तो विजयदुर्गावर आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ब्रिटिश नौदलाच्या खलाशांना हाताशी धरून त्याने तिथे दुर्बिणी आणि कॅमेरे मांडले होते. ही खरी हकिकत कुठे कमी आहे? आंग्रे, धुळप यांच्या आरमाराचा किल्ला, त्यात सूर्याची छायाचित्रं घ्यायला जमलेला लवाजमा, आणि किल्ल्याखालच्या गावातले लोक हे सगळं बघत असतील. मला त्या दिवशी विजयदुर्गाच्या तटाखाली उभं राहायला आवडेल. गावाला मोठेपणा मिळावा म्हणून आपण तीस वर्षांचं अंतर पुसून टाकलं आणि जे खरोखर घडलं त्याचं कुतूहल गमावून बसलो.

आता आजचं. सातबाऱ्यावर पणजोबांच्या नावाखाली वारसांची रांग असते, आणि कित्येक ठिकाणी तीही नोंदवलेली नसते; मेलेल्या माणसांच्याच नावावर जमीन. घर एकाच्या ताब्यात, हिस्से सगळ्यांचे. राहणाऱ्याला गळकं छप्पर उतरवून स्लॅब टाकायचा असतो, बँकेचं कर्ज हवं असतं, गोठ्यामागच्या वरकस जमिनीत काजू लावायचा असतो. त्यासाठी सह्या लागतात. डोंबिवलीहून फोनवर उत्तर येतं, 'गावचं घर आहे तसंच असूंदे रे, तेवढीच एक आठवण.' हे मनापासून आलेलं उत्तर असतं, म्हणून त्याला उलट बोलणंही अवघड. पण शेणाने सारवलेली जमीन ज्याला आठवते त्याने ती कधी सारवलेली नसते. आठ-पंधरा दिवसांनी शेण गोळा करून, कंबरेत वाकून ती सारवते गावात राहिलेली वहिनी. तिला फरशी हवी असते. तिची सही कुणी मागत नाही, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं.

आणि जुनं जपण्याचा हट्ट धरून जुनं जपलं तरी जातं का? मुंबईच्या मंडळांनी वर्गणी काढून गावोगावची देवळं नवी केली. कोरीव लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर, चिऱ्यांचं जोतं, हे पाडून वर सिमेंटचं शिखर आणि आत टाइल्स. तीही भक्तीनेच. घर तसंच ठेवा आणि देऊळ बदला, या दोन्ही निर्णयांत गावात बारा महिने राहणाऱ्याला विचारलेलं नसतं, एवढंच त्यांच्यात सारखं आहे.

राहणाऱ्याला काळाचा प्रश्न पडतो तो निराळाच. रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात सांगतात, पुढे न्या. सिंधुदुर्गातला गंभीर पेशंट बहुधा गोव्यात बांबोळीला जातो, रत्नागिरीकडचा आंबा घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर मुंबईला. ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटच्या उशाशी बसून गेलेले ते तास ज्याने काढलेत, त्याला कुठल्या शतकात जायचंय असं विचारून बघा. तो म्हणेल, घाट चढून पलीकडे पोचायचं होतं, तेही अर्ध्या तासापूर्वी.

मागे जगणाऱ्यांइतकेच पुढे जगणारेही आमच्या वाट्याला आले आहेत. कोकणचा कॅलिफोर्निया करू, हे वाक्य ऐकत माझी पिढी पिकायला आली. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९२ मध्ये ठरला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि पुढे दुसऱ्या नावाने चालू करावा लागला. जैतापूरला ९९०० मेगावॉटची अणुवीज यायची होती, फ्रान्सशी करार झाले २०१० मध्ये. जमीन गेली, वीज आलेली नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ च्या सुमाराला हाती घेतलं आणि दशक उलटून गेलं तरी ते रखडत राहिलं. प्रत्येक प्रकल्पाचे गुणदोष वेगळे आहेत, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. पण प्रत्येक वेळी सभेत मांडलेलं भविष्य माणसांशिवायचं होतं. त्यात कारखान्यांच्या चिमण्या होत्या, बंदरं होती, रोजगाराचे आकडे होते. अमुक वाडीतली अमुक बाई त्या साली पाणी कुठलं पीत असेल, तिचा मुलगा तिथे कुठल्या कामावर असेल, हे कुणी सांगितलं नाही. जो प्रश्न मी मागे जाणाऱ्याला विचारतो तोच पुढे नेणाऱ्यालाही विचारायला हवा. जायचंय ना, मग कोण म्हणून?

पूर्ण जाणं कसं असतं, ते मला सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर कळलं. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कातळात एक हत्ती कोरलेला आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा. त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत, मासे, पक्षी, चार पायांची जनावरं. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. शेपटीकडून चालत सोंडेकडे जावं लागतं, आणि वाटेत पायाखाली एखादी रेघ चुकून तुडवली जाईल म्हणून माणूस आपोआप जपून पाऊल टाकायला लागतो. कोकणातल्या अशा काही कातळशिल्पांमध्ये आज इथे कुठेही नसलेला गेंडाही दिसतो. ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती कोरणाऱ्याबद्दल आपल्याजवळ काहीच नाही, ना नाव, ना भाषा, ना देव. त्यामुळे त्याच्यावर आपल्या आवडीचं काही लादता येत नाही. तो माणूस इथे बसून कातळ कोरत होता, एवढं मात्र नक्की, आणि त्या हाताशेजारी आपला हात ठेवता येतो. बारसूच्या सड्यावरही अशी शिल्पं आहेत आणि २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाला लोकांनी विरोध केला तो त्याच सड्यावर. तिथे बसलेल्या बाया काही जुन्या कोकणासाठी बसल्या नव्हत्या. गुरं कुठे चारायची आणि झऱ्याचं पाणी राहील का, हे त्यांचे प्रश्न होते.

चाकरमान्याचा गावावर हक्क नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या आजीचं घर त्याच्याच मनीऑर्डरीवर उभं राहिलं. १९८२ चा गिरणी संप मुंबईत झाला आणि कोकणातल्या कितीतरी घरांतल्या चुली थंडावल्या. गावातल्या शाळेच्या खोल्या, रस्त्याचं सोलिंग, पाण्याची टाकी, यात त्याचा घाम आहे. त्याला गाव आठवत राहावं, त्याने मनाने मागे जात राहावं, अशीच माझी इच्छा आहे. माझं म्हणणं एवढंच की गावात बारा महिने राहणाऱ्याचं मत आधी ऐकलं जावं. घराबद्दल, देवळाबद्दल, सड्याबद्दलही.

येत्या गणपतीत आरती झाल्यावर सगळे ओटीवर बसतील. तेव्हा मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पाणी कुठून आणत होतात? कुणाच्या विहिरीवर कुणाला बंदी होती? बाळंतपणात घरातलं कोण गेलं? मनीऑर्डर आली नाही त्या महिन्यात काय शिजवलंत? माझी आजी गेली तेव्हा असं कुणी विचारलेलं नव्हतं, तुमची अजून आहे. आणि वारस नोंदीचा अर्ज, घर दुरुस्तीचं संमतीपत्र, हे कागद राहणाऱ्याने आधीच तयार करून ठेवावेत. सणाच्या सुट्टीत तलाठी भेटत नाही, तेव्हा मुंबईकरांनी परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढावं.